कॉर्टिसॉल नॉर्मल, म्हणजे ताण नाही?
'सकाळी ८ची कॉर्टिसॉल (ताणाच्या वेळी वाढणारं संप्रेरक) तपासणी नॉर्मल आली, म्हणजे ताण नाही,' असं काही जण म्हणतात. ते बरोबर नाही. ही तपासणी कुशिंग (कॉर्टिसॉल फार जास्त), ॲडिसन (फार कमी) यांसारखे आजार शोधायला असते, ताण मोजायला नव्हे. जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात कॉर्टिसॉल शिखरावर असतं, मध्यरात्रीच्या सुमारास तळाला. वाढलं की तेच मेंदूला 'पुरे' म्हणतं. ताण महिनोन्महिने टिकला तर हा लगाम सैल पडू शकतो: झोप तुटते, विसरायला होतं, चिडचिड वाढते. इंदूरकरांनो, रात्री ११ला सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, जाणं कधीतरी ठीक, रोज नको. उठायची वेळ मात्र एकच ठेवा. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर तपासणीचा आकडा फसवतो, डॉक्टरांना आधी सांगा. पण तपासणीसाठी त्या स्वतःहून अचानक थांबवू नका, जिवावर बेतू शकतं.