शब्दचर्चा: ‘प्रतिनिधित्व’, ‘तोंडी लावणं’ आणि भविष्यातले आशियाई

मिरकरवाडा: ग्रंथालयाच्या हस्तलिखितासाठी लेख चालू आहे. भविष्यकाळात घडणाऱ्या इंग्रजी विज्ञानमालिकांतली आशियाई पात्रं, असा विषय. ‘रिप्रेझेंटेशन’ला सगळीकडे ‘प्रतिनिधित्व’ घातलं की मजकूर सरकारी परिपत्रकासारखा वाचतो. ‘टोकन’ म्हणजे दाखवण्यापुरत्या घेतलेल्या पात्राला आणि ‘व्हाइटवॉशिंग’ला, म्हणजे आशियाई पात्र गोऱ्या नटाला देण्याला, काय म्हणावं? आणि ‘स्टार ट्रेक’मधला सुलू हा यानाचा हेल्म्समन, म्हणजे सुकाणू धरणारा. त्याला ‘तांडेल’ चालेल?

तारामुंबरी: अडचण क्रियापदात आहे. ‘सुलूने आशियाचं प्रतिनिधित्व केलं’ म्हटलं की गडी आशियाई क्रीडा स्पर्धेला गेलेला वाटतो. ‘करणे’ टाळा, ‘मिळणे’ लावा: ‘आशियाई नटांना प्रतिनिधित्व मिळालं’. हे झालं नटांबद्दल. पात्र कसं रंगवलंय त्याला ‘चित्रण’.

दोन्ही वेगळे ठेवले नाहीत तर लेखाची गल्लत होईल. ‘स्टार ट्रेक’च्या 1967 सालच्या भागातला खान नूनियन सिंग घ्या. पात्र उत्तर भारतातलं, बहुधा शीख, असं त्या भागातच म्हटलंय. नट रिकार्डो मोंटालबान, जन्म मेक्सिकोचा. चित्रण आहे, प्रतिनिधित्व नाही. 2013च्या चित्रपटात तोच खान बेनेडिक्ट कंबरबॅच या गोऱ्या ब्रिटिश नटाने केला, म्हणजे चित्रणही पुसलं गेलं. याच्या उलट 2004ची ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ मालिका. ग्रेस पार्क कोरियन वंशाची, भूमिका मोठी, पण त्या कथेतल्या माणसांच्या जगात आशिया खंडच नाही. तिथे प्रतिनिधित्व आहे, चित्रण नाही.

वेंगुर्ला बंदर: तांडेल नको हो. आमच्याकडे मालक वेगळो, तांडेल वेगळो, पण होडयेर हुकूम तांडेलाचोच. जाळी कुठे टाकायची, कधी परतायचं, ते तोच ठरवणार. सुलू फक्त दिशा धरतो, हुकूम कप्तान कर्कचा. त्याला ‘सुकाणी’ म्हणा, जुना खलाशी शब्द आहे. 1991च्या सहाव्या चित्रपटात तो ‘एक्सेलसियर’ यानाचा कप्तान झालाय, तिथे खुशाल तांडेल लिहा. वाचकाला बढती आपोआप कळेल.

मिरकरवाडा: हे आवडलं. मग टोकनला ‘नामधारी’?

तारामुंबरी: नामधारी म्हणजे पद आहे, सत्ता नाही. नामधारी राजा असतो. टोकन पात्राला कित्येकदा पदही धड नसतं. ‘तोंडी लावण्यापुरतं पात्र’ म्हणा. ताटात लोणचं असतं तसं: चव बदलते, पोट त्यावर भरत नाही. विशेषण हवं तर ‘नावापुरता’, आणि ‘टोकनिझम’साठी ‘नावापुरती हजेरी’. ‘प्रतीकात्मकता’ मात्र नको, ती कवितेच्या समीक्षेत राहू दे.

पण शब्द लावताना पुरावा बघा. 1966चा सुलू तोंडी लावण्यापुरता नव्हता. तो पहिल्या रांगेत बसतो, त्याला स्वतःचे छंद आहेत. ‘द नेकेड टाइम’ या भागात तो भान हरपून उघड्या अंगाने तलवार घेऊन धावतो, ती तलवार सामुराईची नाही, युरोपीय फेन्सिंगची आहे. लेखकाच्या मनात सामुराई होता. फेन्सिंग सुचवलं खुद्द सुलू साकारणाऱ्या जॉर्ज ताकेईने. चित्रण म्हणजे काय ते या एका तलवारीत दिसतं.

‘स्टार ट्रेक’च्याच ‘व्हॉयेजर’ मालिकेतल्या आशियाई वंशाच्या हॅरी किमला मात्र ‘तोंडी लावण्यापुरता’ हा शब्द चपखल बसतो. ‘व्हॉयेजर’ 1995 ते 2001 चालली. सात हंगाम तो एन्साइन, म्हणजे अधिकाऱ्यांतली सर्वांत खालची पायरी. त्याच मालिकेत टॉम पॅरिस या गोऱ्या सहकाऱ्याची पदावनती होते आणि मग हुद्दा परतही मिळतो. किम आहे तिथेच. रोज पडद्यावर दिसतो, त्यामुळे माणसं मोजून काही हाती लागत नाही. हुद्दा आणि निर्णय कुणाकडे, ते पाहा.

हर्णै: व्हाइटवॉशला ‘व्हाइटवॉश’ ठेवू नका. मराठी वाचक 3-0ने मालिका जिंकली असंच समजणार. ‘चुना लावणे’ म्हणजे फसवणूक, तेही नाही. सरळ लिहा: ‘आशियाई पात्र गोऱ्या नटाला दिलं’. नामच हवं तर ‘पात्राचं गोरेकरण’, पण वाक्यात क्रियापद बरं, कारण मग ‘कुणी दिलं’ हेही सांगावं लागतं.

‘ऑल्टर्ड कार्बन’ मालिकेबद्दल जपून. तिचा नायक ताकेशी कोवाच हा जपानी-स्लाव्ह वंशाचा. त्याचं मन गोऱ्या देहात घालतात हे मूळ कादंबरीतच आहे. त्यामुळे ‘गोरेकरण’ हा आरोप म्हणून लिहा, निकाल म्हणून नको.

वेंगुर्ला बंदर: आणि चेहरा रंगवून केलेल्या चिनी-जपानी भूमिकांना ‘सोंग’?

हर्णै: कोकणात नको. दशावतारात सोंग वठवणं ही कमाई आहे. ‘चेहरा रंगवून केलेली भूमिका’, पुरे.

एक शब्द राहिलाय: ‘नेपथ्य’. 2002ची ‘फायरफ्लाय’ मालिका आठवा. पाट्या चिनी, शिव्या चिनी, सायमन आणि रिव्हर या भावंडांचं आडनाव टॅम, आणि यानावरच्या नऊ मुख्य माणसांत पूर्व आशियाई नट एकही नाही. याला प्रतिनिधित्वही नाही, चित्रणही नाही. ‘आशिया नेपथ्यापुरता’ असं लिहा.

मिरकरवाडा: ‘द एक्स्पान्स’ मालिकेतली अवसराला? साडी नेसते, संयुक्त राष्ट्रांचा कारभार हाकते, पण नटी शोहरे अगदाश्लू इराणी वंशाची.

तारामुंबरी: इराणही आशियातच, म्हणून ‘आशियाई नटी’ हे खोटं नाही, ‘भारतीय नटी’ खोटं ठरेल. पात्र भारतीय, अधिकार पूर्ण, नटी इराणी वंशाची, असं तिन्ही सांगा. संदर्भ वाचताना देशही बघा: ब्रिटिश लेखात ‘एशियन’ म्हणजे बहुधा भारतीय-पाकिस्तानी-बांगलादेशी वंशाचा, अमेरिकी लेखात बहुधा चिनी-जपानी-कोरियन. मराठीत नुसतं ‘आशियाई’ लिहिलं की तो फरक बुडतो. ‘पूर्व आशियाई’, ‘दक्षिण आशियाई’ लिहा.

वेंगुर्ला बंदर: ‘सुलू’ असंच दीर्घ लिहा. नाव फिलिपिन्सजवळच्या सुलू समुद्रावरून घेतलंय, कुठल्याही एका देशाचं वाटू नये म्हणून. आणि 1966च्या मालिकेबद्दल लिहिताना ‘हिकारू’ जोडू नका. ते पडद्यावर 1991 साली आलं.