रायफलचा बोल्ट जड जात असेल, तर आधी रिकामी केस तपासा

डाय (वापरलेली केस, म्हणजे काडतुसाची पितळी नळी, दाबून पुन्हा मापात आणणारा साचा) शेल होल्डरला (प्रेसमध्ये केस धरणाऱ्या भागाला) टेकेपर्यंत खाली घेऊनही पुन्हा भरलेली काडतुसे चेंबरमध्ये घट्ट बसतात आणि बोल्टची (चेंबर बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याची) मूठ शेवटी जोराने दाबावी लागते, असे आपण लिहिले आहे. दोष कोणत्या टप्प्यावर शिरतो, ते आधी ठरवावे. साइझ केलेली, म्हणजे डायमध्ये दाबून मापात आणलेली, पण प्राइमर, दारू आणि गोळी नसलेली केस घालून पाहा. ती सहज गेली, तर डायला हात लावू नका. क्रिंप (केसचे तोंड गोळीभोवती आवळणे) जास्त झाल्याने शोल्डरखाली (केस मानेकडे निमुळती होते त्या उताराखाली) फुगवटा येत असेल किंवा गोळी रायफलिंगला (बंदुकीच्या नळीतल्या पिळदार खाचांना) टेकत असेल.

रिकामी केसच अडत असेल, तर प्रेसचा रॅम (केस वर डायमध्ये ढकलणारा दांडा) पूर्ण वर असताना डायखाली निरखून पाहा. केस आत असताना प्रेसला ताण बसतो आणि रिकाम्या प्रेसवर टेकलेल्या दिसणाऱ्या डाय व शेल होल्डरमध्ये प्रकाशाची बारीक रेघ दिसते. अशा अर्धवट साइझिंगमध्ये केसचे अंग आत दाबले जाते, धातूला पुढेच वाट मिळते आणि शोल्डर मागे जाण्याऐवजी पुढे सरकतो. अनेकांची गफलत नेमकी इथेच होते. डाय किंचित फिरवत, प्रत्येक वेळी गेजने मोजत, शोल्डर गोळी झाडल्यानंतरच्या, साइझ न केलेल्या केसपेक्षा सुमारे ०.००२ इंच मागे आणावा. याहून फार मागे मात्र कृपया नेऊ नका, कारण मग केस तळाजवळ ताणली जाऊन पुढे तिथेच फुटू शकते.

तरीही अडलीच, तर केसवर मार्करची शाई लावून बोल्ट बंद करा. जिथे पितळ उघडे पडेल, तिथेच ती घासते आहे.