पूल (टेबलावर स्टिकनं बॉल मारायचा तो खेळ) बघायला कुणाचा आवडतो? (अनुभव धागा)

तेरणाकाठ:
परवा लेकाला लातूरला अभ्यासिकेत सोडायला गेलो होतो. नीटची परीक्षा, दुसरी खेप. त्यावर सल्ले नकोत कृपया. जिना उतरून तळघरात पाय टाकला आणि चमकलो. 2003-04 ला हेच आमचं पूल पार्लर! चार टेबलं होती तिथं. आता प्लायवूडच्या कप्प्यांत पोरं माना खाली घालून बसलीत. भिंतीला पांढरा मारलाय, पण कोपऱ्यात पोपडा निघालाय तिथून जुना हिरवा डोकावतो. फरशीवर टेबलाच्या पायांचे डाग तसेच आहेत. मी वाकून बघायलो तर लेक म्हणतो, "पप्पा, काय पडलं तुमचं?"

पार्लर मामूंचं. तासाला साठ रुपये, हरेल त्यानं टेबलाचे भरायचे. लाइट गेली की मामू घड्याळ थांबवायचे, लोडशेडिंगचा आम्हाला झालेला एकमेव फायदा. काउंटरवर छोटा टीव्ही आणि कुणीतरी औरंगाबादहून आणलेली एक सीडी. त्यात फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेसचा तो शॉट होता. 1995, अमेरिकेतलं रीनो, समोर अर्ल स्ट्रिकलंड. नाइन बॉल या पूलच्या प्रकारात टेबलावरच्या सगळ्यात लहान नंबरला आधी लागायला पाहिजे. लागायचं होतं पाचला, आणि पाच असा आडोशाला की सरळ वाटच नाही. रेयेसनं पांढरी, म्हणजे स्टिकनं मारायची ती, एका लांब कडेला मारली, तिथून समोरच्या कडेला, झेड काढल्यासारखी. पाच कोपऱ्यात गेला, आणि पांढरी सहाला सोयीची होऊन थांबली.

सीडी नेमकी पहिल्या कडेला अडकायची. मग मामू ती काढून सदऱ्याला पुसणार, परत लावणार, आणि तोवर दहा जण स्टिक हातात धरून उभे. शॉट शंभरदा बघितलेला, तरी.

मामू म्हणायचे, "मारना तो सबकू आता. फसे तो निकलना कैसा, वो देखो."

तर सांगा, तुम्हाला कुणाला बघायला आवडतं आणि काय म्हणून? स्नूकरवाले, कॅरमवाले, सगळे या.

रुमणं:
रेयेस. विषय संपला. रानात आहे, मोटर चालू करून रात्री लिहितो.

शहागंजचं_घड्याळ:
मी स्ट्रिकलंड पार्टीचा. रेयेस देवमाणूस आहे, मान्य, पण देवाकडं बघून करमणूक किती वेळ होणार? स्ट्रिकलंड म्हणजे आमच्या भावकीतले एक काका. लग्नात जेवायला बसले की पापड उशिरा आला म्हणून पंगतीतून उठणार, आणि सगळ्यांना माहीत असतं की ते उठणार, तरी सगळे तिकडंच बघत असतात. प्रेक्षकांत कुणी हाललं, हा थांबला. पंचाशी वाद, टेबलाशी वाद, नंतर नंतर हाताला वजनं बांधून आणि कानाला झाकणं लावून खेळायला लागला. आणि एवढा तमाशा करून खेळ कसला! 1996 ला सलग 11 रॅक, म्हणजे 11 डाव, समोरच्याला हात लावू न देता काढले, दहा लाख डॉलरच्या बक्षिसासाठी. रागीट माणसाला एवढं एकचित्त होता येतं हे मला अजून झेपलेलं नाही. मी रागात साधी स्कूटीची किल्ली लावू शकत नाही.

त्याच साली हाँगकाँगला ह्याची आणि रेयेसची तीन दिवस मॅच झाली. जो आधी 120 रॅक जिंकेल तो. निकाल 120-117, रेयेस. तीन दिवस खेळून फरक तीन रॅकचा. मी असतो तर स्टिक गुडघ्यावर मोडली असती.

अर्धा_कप:
त्या अभ्यासिकेचं महिन्याचं किती घेतात हो? भाच्याला टाकायचंय. तळघर आहे म्हणताय तर पावसाळ्यात पाणी येतं का?

मोंढ्यावरची:
आम्हा पोरींना पार्लर म्हणजे भुवया करायचं, दुसऱ्या पार्लरच्या जिन्यापाशी उभं राहायचीही सोय नव्हती. भाऊ जायचा आणि घरी येऊन जेवताना पोळीचा गोळा, शेंगदाणे असं मांडून शॉट समजावून सांगायचा. ताटात.

मला जीनेट ली. केबलवर रात्री लागायचं कधीतरी. नखशिखांत काळे कपडे, टेबलावर वाकली की नजर अशी की समोरची आधीच हरलेली. ब्लॅक विडो म्हणायचे तिला. आजी विचारायची, त्याचा अर्थ काय? भावानं शब्दशः सांगून टाकला. आजी खवळली, "एवढी देखणी पोर, तिला विधवा काहून म्हणायलेत मेले?" ते कोळ्याचं नाव आहे हे पटवायला आठवडा गेला. त्यानंतर ती लागली की आजी मुद्दाम बघायला यायची आणि तिनं बॉल टाकला की बोटं मोडायची.

खूप पुढं कळलं की तिला लहानपणापासून पाठीच्या कण्याचा बाक आहे, तेराव्या वर्षी निदान झालं, पाठीत सळ्या घातलेल्या. एकावर एक शस्त्रक्रिया. त्याच पाठीवर ती जगात पहिल्या नंबरला होती आणि 2001 ला जपानमध्ये वर्ल्ड गेम्सचं सोनं घेतलं. पूलमध्ये प्रत्येक शॉटला वाकावंच लागतं, हो ना? माझी मुलगी आठवीत आहे, तिला सध्या पट्टा आहे. तिला मी जुने व्हिडिओ दाखवते. ती खेळ बघतच नाही. ती फक्त ही बाई वाकते कशी आणि उठते कशी ते बघते.

कुकरची शिट्टी. येते.

बिंदुसरा:
ताई, पट्टा दिवसाचे किती तास? आमच्या पुतणीला होता. शाळेत पोरं चिडवायची म्हणून तिनं पट्ट्यावर स्टिकर चिकटवले होते. आता ती कॉलेजला मस्त आहे, पट्टा सुटला. उगीच काळजी करू नका.

मोंढ्यावरची:
अठरा तास म्हणालेत. स्टिकरचं सांगते तिला. थँक्यू हो.

हुरडा_पार्टी:
रॉनी ओ'सलिव्हन. 1997 चा 147 (एका खेपेत सगळे बॉल टाकून पुरे गुण), पाच मिनिटं आठ सेकंद. एवढ्या वेळात आमच्या ऑफिसातला चहा उकळत नाही. शॉट मारून तो बॉल आत जाईपर्यंत थांबतच नाही, पुढच्या बॉलकडं चालायला लागलेला असतो. वर मनात आलं की डाव्या हातानं. मी उजव्या हातानं भात कालवतो तेव्हा निम्मा बाहेर पडतो.

शहागंजचं_घड्याळ:
धागा पूलचा आहे. रॉनी स्नूकर.

हुरडा_पार्टी:
स्नूकरवाले या म्हटलंय वर. वाचत जा.

दुधना:
स्नूकरच म्हणाल तर तो जन्मला आपल्या देशात. जबलपूर, 1875, इंग्रज अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये. आणि पुण्यात 1922 ला जन्मलेले विल्सन जोन्स 1958 ला कलकत्त्याला बिलियर्ड्सचे हौशी विश्वविजेते झाले, भारताचे पहिले. पंकज अडवाणीचा जन्मही पुण्यातला, 1985. मुंबईचे मायकेल फरेरा तर असे की 1981 ला पद्मश्री दिली तर घेतली नाही, गावसकरांना पद्मभूषण मिळतं तर मलाही तेच पाहिजे म्हणाले. आणि पुढं पद्मभूषण घेतलं. बघायला मला तेच आवडतील, खेळ सोडून नुसता माणूस बघितला तरी.

सगळं पुणं नाहीतर मुंबई. मराठवाड्याचा अनुशेष इथंही आहेच.

हुरडा_पार्टी:
आता वैधानिक विकास मंडळाकडं टेबलं मागा.

दुधना:
टेबल मंजूर होईल हो, कापड पुढच्या टप्प्यात.

रुमणं:
आलो. मोटर जळाली, ते सोडा.

मी पार्लरात खेळायला न्हाई, कामाला होतो. नांदेडात. मार्कर. बॉल मांडायचे, खडू ठेवायचा, पावडर, पाणी, कोण किती वाजता बसलं ते वहीत लिहायचं. गावाकडं दोन साल पाणी न्हवतं, बापानं धाडलं मामाच्या वळखीनं. राहायलाबी तिथंच. गिऱ्हाईक गेलं की टेबलावर गोधडी. कापडावर झोपलेलं मालकाला कळू ने म्हणून खाली चादर घालायचो, तरीबी सकाळी पहिला मालक येऊन कापडावर हात फिरवून बघायचा, गरम हाय का.

रेयेस मह्यासाठी काय हाय ते त्यामुळं. त्योबी चुलत्याच्या पूल हॉलात वाढला, मनिलात. टेबलावर झोपायचा. उंची पुरत न्हवती तर थंडाच्या क्रेटवर उभं राहून खेळायचा. नाव बाटा, म्हंजी त्यांच्या भाषेत पोरगं. आमच्यात बारक्या म्हणत्यात तसं, थोरला एफ्रेन येगळा होता म्हणून ह्यो बारका. मलाबी तिथं बारक्याच म्हणायचे. खरं नाव वहीच्या पहिल्या पानावर तेवढं होतं.

ती सीडी मी न्हाई बघितली. मी लई उशिरा मोबाइलवर बघितलं सगळं. त्याचं हसू बघा, पुढचे दात न्हाईत. चुकला की डोकं खाजवतो, जसं काय आपलंच चुकलं, टेबलाचं काय न्हाई. आन् हात! स्टिकचं मागचं टोक असं सैल धरतो की वाटतं आता पडंल.

1985 ला अमेरिकेत ह्यूस्टनला गेला तवा नाव बदलून खेळला. सेझार मोरालेस म्हणून. कारण रेयेस म्हणलं की कुणी खेळायलाच येईना झालतं. हे वाचलं तवा एकटाच हसलो रानात. कारण म्यापण केलंय. इंजिनिअरिंगचं एक पोरगं यायचं, स्वतःची स्टिक, दोन तुकड्याची, मखमली पिशवीतली. रोज म्हणायचं, बारक्या पाणी आण, बारक्या खडू. एक दिवस त्याचा दोस्त आला न्हाई. म्हणलं खेळू का? म्हणलं, तुला येतंय व्हय? म्हणलं, बघून बघून थोडं. पहिले दोन मुद्दाम हरलो. मग टेबलाचे पैसे अन् वर शंभर लावलं त्यानं.

तिसऱ्या गेमला तो एकदाच खेळला, ब्रेक, म्हंजी पहिला फोडायचा फटका. त्यानंतर बसूनच होता. गेल्यावर मालक म्हणला, गिऱ्हाईक तोडलंस माझं. त्या महिन्याच्या पगारातून शंभर कापले, बरोबर तेवढेच. पोरगं परत कधी आलं न्हाई, मालकाचं तेवढं खरं होतं.

शहागंजचं_घड्याळ:
मी माझं मत मागं घेतो. स्ट्रिकलंडला म्हणावं पापड गरम आहे, बस खाली.

हुरडा_पार्टी:
रुमणं, अजून खेळता का?

रुमणं:
तालुक्याला येक हाय, पण त्याचं टेबल उताराला हाय. पांढरी आपोआप डावीकडं जाती. बायकू म्हणती तुमीबी तसेच.

बिंदुसरा:
मला बुस्तामान्ते. रेयेसचाच दोस्त, फिलिपिन्सचा. शॉटच्या आधी हात असा लांब मागंपुढं झुलवतो की वाटतं हा झोका कुठं थांबणारच नाही, आणि मग एकदम. 2002 ची जागतिक स्पर्धा, कार्डिफ. स्पर्धा चालू असतानाच त्याला कळलं की घरी तान्ही मुलगी गेली. तरी खेळला, फायनलला पोचला, 17-15 नं स्ट्रिकलंडकडून हरला. माझे वडील गेले त्या दिवशी मी दुकानाची शटर उघडलेली होती, लोक नावं ठेवतात अजून. म्हणून मला ह्याला कुणी काही बोललेलं चालत नाही. 2010 ला दोह्यात जिंकला शेवटी, त्या दिवशी मी दुकानात पेढे वाटले. गिऱ्हाइकांना वाटलं पोरगा झाला.

मोंढ्यावरची:
😢 दादा, नावं ठेवणारे घरी भाकरी आणून देत नाहीत.

नवा_खडू:
तुम्ही सगळे सीडीवाले आहात 😄 जोशुआ फिलर बघा कुणीतरी. 2018 चा वर्ल्ड चॅम्पियन. मागं कुत्रं लागल्यासारखा खेळतो, चुकायला वेळच देत नाही स्वतःला. आणि शेन व्हॅन बोनिंग, पाच वेळा पूलचं यूएस ओपन. त्याला ऐकू कमी येतं, मशीन लावतो. माझा चुलतभाऊ कर्णबधिर शाळेत होता, त्याला कॅरमवर कुणी हरवू शकायचं नाही. आम्ही बाजूनं कितीही ओरडलो तरी याला फरक शून्य. शेन 2022 ला वर्ल्ड चॅम्पियन झाला तेव्हा भावाला लिंक पाठवली. त्यानं फक्त एक अंगठा पाठवला. तो कुणालाच अंगठ्याशिवाय काही पाठवत नाही, लग्नाच्या पत्रिकेलाही.

अर्धा_कप:
भाडं सांगा ना कुणीतरी. आणि त्या गल्लीच्या तोंडाला भज्यांचा गाडा असायचा, मिरचीचे भजे. तो आहे का अजून? आम्ही क्लासचे दिवस त्यावरच काढले.

तेरणाकाठ:
सगळ्यांचं वाचतोय, उत्तरं सावकाश देतो. रुमणं, तुमचं दोनदा वाचलं. आमच्याकडंही एक पोरगा होता खडू ठेवायला. मला त्याचं खरं नाव आठवत नाही, आणि कालपासून तेच आठवायचा प्रयत्न करतोय.

रविवारी लेकाला भेटायला गेलो तेव्हा मोबाइलवर तो शॉट दाखवला. यूट्यूबवर अडकत नाही, सरळ जातो, त्यामुळं मलाच चुकल्यासारखं झालं. लेक म्हणाला, "आपतन कोन आणि परावर्तन कोन सारखे नाहीत, पप्पा, फिरकी दिलीय त्यानं." मी म्हटलं, हो. मग त्यानं परत एकदा लावला. त्याच्या कप्प्यातला दिवा त्यानं बंद केला होता, बाजूच्याला त्रास नको म्हणून.

अर्धा कप, भाडं महिना बाराशे, चार्जिंग पॉइंट धरून. पाणी येत नाही, ओल येते. भज्यांचा गाडा गेला, तिथं आता झेरॉक्स आहे.

अर्धा_कप:
अरेरे.