परदेशातील भाऊ आणि अंथरुणाला खिळलेली आई : मुखत्यारपत्रासाठी नोटरी पुरेशी आहे का?

प्रश्न (शुक्रवार पेठ, सोलापूर)
नमस्कार. आमचे वडिलोपार्जित घर विकण्याचे ठरले असून मिळकत पत्रिकेवर आई, थोरला भाऊ आणि मी अशी तिघांची नावे आहेत. भाऊ कॅलिफोर्नियात असतो. आई येथेच आहे, परंतु पक्षाघातामुळे तिला घराबाहेर नेता येत नाही. दोघांनी माझ्या नावे मुखत्यारपत्र लिहून नोटरी केले की काम झाले, असे एका परिचितांनी सांगितले. खरेदीखताच्या वेळी अडचण येऊ नये, म्हणून जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर १
आपल्या परिचितांचा सल्ला भावाच्या बाबतीत चालेल, आईंच्या बाबतीत नाही. दस्त नोंदणीसाठी सादर करण्याचा अधिकार देणारे मुखत्यारपत्र कोणासमोर करावे, हे नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ३३ मध्ये सांगितले आहे, आणि ते देणारी व्यक्ती त्या वेळी कोठे राहते यावर ठरते. आई सोलापुरात असल्याने त्यांचे मुखत्यारपत्र दुय्यम निबंधकांकडूनच अधिप्रमाणित व्हायला हवे. त्यांना कार्यालयात नेण्याची मात्र गरज नाही : शारीरिक दुर्बलता असल्यास अधिकारी स्वतः घरी येऊ शकतात किंवा तपासणीसाठी कमिशन काढू शकतात (म्हणजे त्या कामासाठी दुसऱ्या व्यक्तीची नेमणूक करू शकतात), अशी तरतूद त्याच कलमात आहे. वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून गृहभेटीसाठी अर्ज करावा.

भारताबाहेर राहणाऱ्या व्यक्तीला नोटरी किंवा भारतीय वाणिज्य दूतावास, दोन्ही मार्ग खुले आहेत. येथे नोटरी म्हणजे परदेशातील नोटरीही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये जुगराज सिंग विरुद्ध जसवंत सिंग या प्रकरणात स्पष्ट केले आहे. त्या प्रकरणातील पहिले मुखत्यारपत्र अपुरे ठरले, कारण सही करणाऱ्याची ओळख पटल्याचा उल्लेख नोटरीने केलेला नव्हता. नंतर केलेल्या दुसऱ्या मुखत्यारपत्राने ती उणीव भरून निघाली. म्हणून भावाला आवर्जून सांगा, की नुसता शिक्का आणि सही घेऊन परतू नये, ओळख पटवल्याचा मजकूर प्रमाणपत्रात आहे ना, हे तेथेच वाचून पाहावे. त्यावर त्या राज्याच्या सचिव कार्यालयाचे अपोस्टिल (दस्त दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा यासाठीचे प्रमाणपत्र) घेतलेले उत्तम. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे.

उत्तर २
वरील उत्तराशी सहमत आहे. एक भर घालतो : भावाचे मुखत्यारपत्र ज्या कुरिअरच्या पाकिटातून येईल, ते पाकीट फेकू नका. परदेशात केलेला दस्त महाराष्ट्रात प्रथम पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करावा लागतो, आणि पोहोचल्याची तारीख त्या पाकिटावरूनच दाखवता येते. सोलापूरच्या मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात मूळ कागद आणि पाकीट दोन्ही न्यावीत. भावाने भावाला मोबदल्याविना दिलेल्या विक्रीच्या अधिकाराला सध्या ५०० रुपये शुल्क आहे. तोच अधिकार परक्याला दिला, तर खरेदीखताइतके शुल्क भरावे लागते.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. आईला सही करता येत नाही आणि तिला मराठीपेक्षा तेलुगू अधिक समजते. त्यासाठी काही वेगळे करावे लागेल का?

उत्तर १
अंगठा चालतो. मजकूर तेलुगूत वाचून दाखवला व आईंना तो समजला, असे दस्तात नमूद करावे आणि तेलुगू जाणणारा, घराच्या व्यवहाराशी संबंध नसलेला साक्षीदार ठेवावा. अधिकारी आईंना प्रश्न विचारतील, तेव्हा उत्तर त्यांनाच देऊ द्यावे, कारण संमती त्यांची आहे याची खात्री करणे हाच त्या भेटीचा हेतू असतो. खरेदीखताच्या दिवशी आपणास घोषणापत्र द्यावे लागेल, की मुखत्यारपत्र लिहून देणाऱ्या दोन्ही व्यक्ती हयात आहेत आणि त्यांनी ते रद्द केलेले नाही. त्याच सकाळी भावाशी बोलून मगच त्यावर सही करावी.