ओरिएंटिअरिंग क्लबचं नाव आणि लघुरूप कसं ठरवावं? (सातारा–सांगली)

अजिंक्यताऱ्याचा_उतार यांचा प्रश्न

साताऱ्यातले धावणाऱ्यांचे दोन गट मिळून ओरिएंटिअरिंगचा, म्हणजे नकाशा आणि होकायंत्र वापरून जागा शोधत धावण्याच्या खेळाचा, क्लब काढत आहेत. नोंदणी करायची आहे, शिवाय थंडीत यवतेश्वरच्या बाजूला एक खुली स्पर्धाही घ्यायची आहे. कराड, वाई, सांगली, मिरज इथले धावपटू आणि काही शाळा येतील. गाडी नावावर अडली आहे. एका गटाला 'सातारा ओरिएंटिअरिंग क्लब' हवं आहे, लघुरूप एसओसी. दुसऱ्याला 'अजिंक्यतारा' हवंच आहे आणि लघुरूप देवनागरीत 'अओक्ल' हवं आहे. स्टार्ट लिस्ट, बिब (छातीवरचा क्रमांक), निकाल आणि रिले या सगळ्यात चालेल असं लघुरूप कसं ठरवतात? बाहेरच्या क्लबांनी मनाला येईल तसं नाव लिहून पाठवलं तर काय करायचं? नोंदणीत नावावरून कुठे अडतं? ज्यांनी स्पर्धांची कागदपत्रं हाताळली आहेत त्यांनी सांगावं.

कंट्रोल_३१ यांचा प्रतिसाद

आधी तीन गोष्टी वेगळ्या करा, निम्मा वाद तिथेच मिटेल. नोंदणीचं पूर्ण नाव, निकालात छापायचं छोटं नाव आणि रकान्यात बसणारा तीन-चार अक्षरी कोड, ही तीन वेगळी कामं आहेत. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे आयओएफच्या, एक्सएमएल ३.० या साच्यातसुद्धा संस्थेसाठी पूर्ण नाव, लघुनाव आणि माध्यमांसाठीचं नाव असे वेगवेगळे रकाने आहेत. 'अजिंक्यतारा' पूर्ण नावात आनंदाने ठेवा. कोडमध्ये ते यायलाच हवं असं काही नाही.

आता एसओसी. हे घेऊ नका. 'एस' या अक्षरावर सातारा, सांगली, सोलापूर आणि सिंधुदुर्ग चौघांचा सारखाच हक्क आहे. 'ओ' आणि 'सी' तर प्रत्येक क्लबच्या नावात असणार. म्हणजे तीनपैकी दोन अक्षरं काहीच सांगत नाहीत आणि तिसरं चार जिल्ह्यांत वाटलेलं. शेजारी केओसी आणि एमओसी आले की सगळा फरक पहिल्या ध्वनीवर येतो. माइकवर वारा लागला की तोही जातो.

ओरिएंटिअरिंगमध्ये हा विचार नवा नाही. कंट्रोलचे, म्हणजे वाटेत शोधायच्या ठिकाणांचे, क्रमांक ३१ पासून सुरू होतात. ६६, ६८, ८६, ८९, ९८, ९९ असे क्रमांक टाळतात, कारण इंग्रजी अंक उलटे वाचले की दुसरंच काही तरी होतं. जंगलात धापा टाकत वाचणाऱ्याची चूक होणार हे आधीच धरून चालायचं, हे त्यामागचं तत्त्व. क्लबच्या कोडलाही तेच लावा.

देवनागरीचा एक मोठा फायदा आहे. आपण लघुरूप करताना पहिलं अक्षर मात्रेसकट घेतो: मनपा, मसाप, अभाविप. त्यामुळे सा, सां, सो, सिं हे चौघे आपोआप वेगळे पडतात. पण सातारा आणि सांगली यांच्यात उरतो तो फक्त अनुस्वार. झेरॉक्सची झेरॉक्स काढली, थर्मल पावती फिकी पडली किंवा कुणी घाईत टाइप केलं की टिंब गेलंच, आणि 'सां'चा धावपटू 'सा'मध्ये जाऊन बसतो. तुमच्या स्पर्धेत नेमकी हीच जोडी सर्वांत जास्त वेळा येणार आहे.

माझं मत असं, की कोड रोमन अक्षरांत ठेवा आणि तो गावावरून घ्या, खेळावरून नको. नवीन काही शोधायचीही गरज नाही, रेल्वेने ते काम करून ठेवलं आहे: सातारा एस-टी-आर, सांगली एस-एल-आय, कराड के-आर-डी, मिरज एम-आर-जे. चारही तीन अक्षरी आणि कुठल्याही दोघांत किमान दोन अक्षरं वेगळी. वाईला रेल्वे नाही, पण इंग्रजीत नावच तीन अक्षरांचं आहे. एका गावात दोन क्लब असले तर चौथं अक्षर क्लबचं. तुमचा एस-टी-आर-ए झाला, की अजिंक्यतारावाल्यांचाही मान राहतो.

घाटवळण यांचा प्रतिसाद

स्टेशनचे कोड रुक्ष वाटतात. आपल्याकडे पोरं टी-शर्टवर 'एमएच ११' अभिमानाने लावतात, सांगलीवाले 'एमएच १०'. तेच कोड का नको? सगळ्यांना पाठ आहेत.

आणि नावात खेळ असायलाच हवा असं नाही, याला पूर्ण पाठिंबा. नॉर्वेचा हाल्डेन एसके हा जगातल्या नामवंत ओरिएंटिअरिंग क्लबांपैकी एक, पण त्यातलं 'एसके' म्हणजे स्की क्लब. फिनलंडमधल्या योएन्सूच्या क्लबचं नाव कालेवान रस्ती, त्यात 'रस्ती' म्हणजे कंट्रोल. क्लब हा शब्दच नाही. ब्रिटनमध्ये तर साउथ लंडनवाल्यांचं लघुरूप वाचलं की 'स्लो' होतं आणि ऑक्टेव्हियन ड्रूबर्स दोनच अक्षरांत, 'ओडी'. तिथे दोन अक्षरी कोड आहेत आणि चार अक्षरीही, तरी सगळं व्यवस्थित चालतं. मग आपणही उच्चारता येईल असा एखादा शब्द का करू नये?

कंट्रोल_३१

उच्चारता येणारा शब्द मिळाला तर उत्तमच, निवेदकाचं काम सोपं होतं. ब्रिटनमध्ये चालतं ते यासाठी, की कोडची यादी एका जागी ठेवलेली असते आणि एकच कोड दोघांना मिळत नाही. लांबी दोन की चार, याने फारसं बिघडत नाही.

एमएच ११ मात्र कोडमध्ये नको. एक तर कराडचा आरटीओ वेगळा, एमएच ५०. म्हणजे एकाच जिल्ह्याचे दोन आकडे. पण खरी अडचण रिलेत येते. बिबवर संघाचा क्रमांक असतो, त्यापुढे लेगचा, म्हणजे कितव्या टप्प्याचा, क्रमांक असतो आणि क्लबच्या नावापुढे त्या क्लबचा कितवा संघ तो आकडा असतो. त्यात आणखी ११ आला तर '११ २' म्हणजे साताऱ्याचा दुसरा संघ की अकराव्या संघाचा दुसरा लेग, हे हँडओव्हरच्या, म्हणजे एक धावपटू पुढच्याला सोडतो त्या, जागी उभ्या असलेल्या माणसाला कळणार नाही. कोडमध्ये आकडे नकोत. ओ आणि शून्य, आय आणि एक यांची गल्लतही त्यामुळे टळते. टी-शर्टवर एमएच ११ खुशाल लावा, तिथे ते शोभतं.

मिरज_जंक्शन यांचा प्रतिसाद

कोड कुठला घ्यायचा यापेक्षा तो सगळीकडे एकच राहतो का, हे महत्त्वाचं. क्लबचं नाव दोन प्रकारे लिहिलं गेलं तर सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ते दोन क्लब होतात. निकालात सांघिक गुण फुटतात, हे लगेच दिसतं. न दिसणारं नुकसान स्टार्टच्या ड्रॉमध्ये, म्हणजे कोण कधी सुटणार हे ठरवताना, होतं. एकाच क्लबचे दोघे एकाच गटात लागोपाठ सुटू नयेत म्हणून ड्रॉ त्यांना वेगळं पाडतो. एकाचं नाव 'सातारा ओ क्लब' आणि दुसऱ्याचं 'सातारा ओरिएंटिअरिंग क्लब' असं असलं तर ड्रॉला ते परके वाटतात. मग दोन मिनिटांच्या अंतराने दोघे मित्र सुटतात, पहिल्या चुकीला मागचा पुढच्याला गाठतो आणि उरलेला कोर्स जोडीने धावतात. तक्रार आली तर कागदोपत्री तुम्ही उघडे पडता.

म्हणून प्रवेश अर्जात क्लबच्या नावाला मोकळा रकाना देऊ नका. आधी क्लबांची एक मूळ यादी करा. त्यात क्लब क्रमांक, कोड, छोटं नाव, रोमनमधलं पूर्ण नाव आणि देवनागरीतलं पूर्ण नाव असे पाच रकाने ठेवा. गूगल फॉर्मवर फक्त ड्रॉपडाउन ठेवा आणि शेवटी 'यादीत नाही' हा पर्याय. तो निवडणाऱ्यांना तुम्ही स्वतः कोड द्या, तोही प्रवेश बंद होण्याआधी. ड्रॉ झाल्यावर कोड बदलायचा नाही.

शाळांच्या याद्या एक्सेलमध्ये येतात, त्यात दोन दुखणी नेहमीची. नावामागे राहिलेली मोकळी जागा डोळ्यांना दिसत नाही, पण संगणकाला नाव वेगळं दिसतं. ती ट्रिम लावून काढा. दुसरं, 'ओरिएंटिअरिंग' हाच शब्द लोक ओरिएन्टियरिंग, ओरिएंटेरिंग, ओरियंटिअरिंग असा हवा तसा लिहितात. त्यामुळे नाव जुळवून क्लब ओळखायला जाऊ नका, क्लब क्रमांकावरून जुळवा.

देवनागरीबद्दल: सीएसव्ही फाइल यूटीएफ-८ मध्येच जतन करा. साध्या एएनएसआयमध्ये गेली की सगळी नावं प्रश्नचिन्हं होतात आणि परत आणता येत नाहीत. लांबीची मर्यादा बाइटमध्ये मोजणारा रकाना असेल तर यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'सातारा' दिसतं तीन अक्षरं, आत सहा चिन्हं, म्हणजे अठरा बाइट. 'क्ल' सारखं जोडाक्षर क, हलन्त, ल असं तीन चिन्हांचं असतं. रकाना मध्येच संपला तर पाय मोडलेला 'क्' शिल्लक राहतो. 'अओक्ल' याच कारणाने मला नको वाटतं, शिवाय माइकवर ते म्हणून बघा.

स्प्लिटची, म्हणजे कंट्रोलवार वेळांची, पावती ५८ मिमी रोलवर छापणार असाल तर एका ओळीत साधारण ३२ रोमन अक्षरं बसतात. त्यात नाव, गट आणि क्लब आला की पूर्ण नावाला जागाच नाही, कोडच लागतो. आणि बऱ्याच थर्मल प्रिंटरच्या पोटात देवनागरी फॉन्ट नसतो. विंडोजच्या ड्रायव्हरमधून चित्र म्हणून पाठवलं तरच मराठी नीट उमटतं. आदल्या रात्री नव्हे, आठवडाभर आधी एक पावती काढून बघा.

वही_खाते_घटना यांचा प्रतिसाद

नोंदणीपुरतं सांगतो. साधारणपणे संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० अशा दोन्ही खाली नोंदणी होते. संस्थेला किमान सात सभासद लागतात. आधीच्या संस्थेसारखंच किंवा फार जवळचं नाव अडतं, म्हणून पसंतीक्रमाने तीन नावं तयार ठेवा. साताऱ्यात अजिंक्यतारा नावाच्या संस्था कमी नाहीत, तेव्हा नुसतं 'अजिंक्यतारा क्रीडा मंडळ' नको. पुढे-मागे वेगळा शब्द हवा.

छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव द्यावं असं पुष्कळांच्या मनात येतं. भावना समजते, पण ते नाव बोधचिन्हं व नावं यांच्या गैरवापराला प्रतिबंध करणाऱ्या १९५० च्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत आहे. परवानगीशिवाय त्या नावाने संस्था नोंदवायला गेलात तर अडेल. ऑलिंपिक समितीचं नाव आणि चिन्हही त्याच अनुसूचीत आहे.

'सातारा जिल्हा ओरिएंटिअरिंग असोसिएशन' असं नाव तर घेऊच नका. त्यातून तुम्ही जिल्ह्याची अधिकृत संघटना आहात असा अर्थ निघतो. राज्य संघटनेची संलग्नता हातात नसताना असं नाव म्हणजे उद्याच्या वादाला आजच आमंत्रण. क्लब म्हणा, मंडळ म्हणा.

एक बारीक गोष्ट. प्रमाणपत्र मराठीत येतं, पॅन आणि बँक खातं इंग्रजीत. म्हणून नावाचं रोमन स्पेलिंग घटनेतच लिहून ठेवा आणि पॅन, बँक, पावतीपुस्तक सगळीकडे तेच अक्षरशः वापरा. लघुरूपाची नोंदणी लागत नाही, पण 'यापुढे एसटीआरए असा उल्लेख' ही एक ओळ घटनेत घालायला काही खर्च नाही.

अजिंक्यताऱ्याचा_उतार

खूप आभार. एसओसी दोन्ही गटांनी सोडलं, एसटीआरए ठरतंय. तीन गोष्टी राहिल्या. शाळांना कोड कसे द्यायचे? तीन ठिकाणची 'न्यू इंग्लिश स्कूल' येणार आहेत. कुठल्याच क्लबचे नसलेले पंधरा-वीस जण आहेत, त्यांना 'आयएनडी' लिहावं असं एकाने सुचवलं. आणि रिलेत दोन क्लबांचा मिश्र संघ कसा लिहायचा?

कंट्रोल_३१

शाळेच्या छोट्या नावात गाव आधी, शाळा नंतर: 'वाई न्यू इंग्लिश', 'तासगाव न्यू इंग्लिश' असं. यादी गावावार लागते आणि बाईंना आपली मुलं पटकन सापडतात. कोडमध्ये गावाची तीन अक्षरं आणि शेवटी शाळेचं एक अक्षर. 'एनईएस' हा कोड कुणालाच देऊ नका, नाही तर पहिला अर्ज करणारा तो घेऊन जाईल आणि बाकीचे दोघे रुसतील.

आयएनडी नको. ब्रिटनमध्ये क्लब नसलेल्यांना तेच लिहितात, पण आयओएफच्या निकालांत आयएनडी म्हणजे भारत. आयओएफ देशांसाठी ऑलिंपिकचे कोड वापरतं. तुमच्या पत्रकावर देशाचा रकाना असेल तर दोन आयएनडी शेजारी शेजारी येतील. त्यांचा क्लबचा रकाना रिकामा ठेवा, छापताना 'स्वतंत्र' असा शब्द येऊ द्या. सगळ्यांना एकाच कोडखाली टाकलं तर सॉफ्टवेअर त्यांना एक क्लब समजतं. मग ड्रॉ त्यांना उगाच लांब पाडतो आणि सांघिक यादीत 'स्वतंत्र' नावाचा वीस जणांचा संघ पहिला येतो.

निकालातल्या खुणाही कोड म्हणून वर्ज्य करा: एमपी म्हणजे कंट्रोलवरची नोंद (पंचिंग) चुकली, डीएनएफ म्हणजे शर्यत पूर्ण केली नाही, डीएनएस म्हणजे सुटलाच नाही, डीएसक्यू म्हणजे बाद आणि एनसी म्हणजे स्पर्धेबाहेर धावलेला. मिरज-पलूसचा एकत्र गट झाला तर एमपी हमखास सुचेल, त्यांना आधीच सांगून ठेवा. एसओएस तर नकोच, वायरलेसवर ते ऐकून सुरक्षा पथक पळत सुटेल.

मिश्र संघ 'एसटीआरए/एसएलआय' असा लिहा, ज्याचे धावपटू जास्त त्याचा कोड आधी. क्लब अजिंक्यपद असेल तर असा संघ एनसीमध्येच धावतो, हे माहितीपत्रकात आधी छापा. संघांचे क्रमांक एसटीआरए १, एसटीआरए २ असे. यातला १ म्हणजे तगडा संघ की आधी नोंदवलेला, हेही त्याच पत्रकात ठरवून टाका.

मिरज_जंक्शन

यात एक भर. मिश्र संघासाठी मूळ यादीत वेगळा क्लब क्रमांक द्या, ९०० पासून पुढे. नाही तर तिरप्या रेघेचा कोड इंपोर्ट करताना यादीत सापडत नाही आणि सॉफ्टवेअर आपल्या मनाने नवीन क्लब तयार करतं. क्लब क्रमांक वेगळा असला, की निकालातून असे सगळे संघ एका फिल्टरने बाजूला काढता येतात.