मदत हवी आहे: फुटीत फॉरवर्डचा फॉर्म ओळखायचा कसा?

नमस्कार मंडळी,

मेलबर्नमध्ये राहतो. लेक इथल्या क्लबात चौदा वर्षांखालच्या संघातून ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, म्हणजे फुटी खेळतो. मी क्रिकेटवर वाढलेला माणूस, पण कोचने "तुला आकड्यांची आवड आहे ना?" म्हणत वही माझ्या गळ्यात मारली. फॉरवर्ड, म्हणजे गोल मारायला पुढे खेळणाऱ्या पोरांचा फॉर्म टिपायचा. फायनल्स तोंडावर आल्यात.

आमचा फुल फॉरवर्ड, म्हणजे थेट गोलासमोर खेळणारा, उंच, अबोल मुलगा. गेल्या तीन सामन्यांत त्याचे आकडे ०.१, १.४, ०.२. (१.४ म्हणजे एक गोल, चार बिहाइंड, म्हणजे मधल्या खांबांच्या बाजूने गेलेले एका गुणाचे शॉट. गोलाचे ६ आणि ४ मिळून १० गुण. षटकांच्या ४.३ ची सवय असल्याने मला चटकन कळलं, बायको अजून त्याला दशांश समजते.) दुसरा एक चणीने लहान पोरगा: ३.०, २.१, ३.१. सीमारेषेवरचे पालक, कॉफीचे कप हातात धरून, मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणतात, उंचाला बसवा.

वहीही तेच सांगते. पण रविवारी पावसात पाहिलं ते वेगळंच. चेंडू उंच आला, हा उडाला, त्याच्या अंगावर तिघे. मार्क, म्हणजे किकचा हवेतला झेल, काही मिळाला नाही, चेंडू चिखलात पडला, छोट्याने तो उचलला आणि गोल. छोट्याच्या तीनपैकी दोन गोल असेच झाले. हे उंचाच्या नावावर कुठल्या रकान्यात लिहू? जाणकारांनी मदत करावी.

प्रतिसाद १

किती चेंडू खेळला ते न बघता धावा मोजताय तुम्ही. प्रत्येक वेळी चेंडू त्याच्या दिशेने आला की रेघ मारा. धावत्याच्या पुढ्यात आलेल्याला वेगळी खूण, डोक्यावर लोंबत आलेल्याला वेगळी. दुसऱ्या प्रकारात मार्क घेणं मोठ्यांनाही जड जातं, त्यात ओला चेंडू. तिथे चेंडू विरोधकाच्या हातात जाऊ न देता खाली पाडला, तरी काम झालं.

आणि गोलांच्या यादीवर फार भरवसा नको. २०२१ साली एएफएलमध्ये, म्हणजे इथल्या सर्वोच्च लीगमध्ये, कार्लटन क्लबच्या हॅरी मॅकेने ५८ गोल मारून सर्वाधिक गोलांचं कोलमन मेडल घेतलं. संघ मात्र १८ मध्ये तेरावा आला.

प्रतिसाद २

त्या १.४ कडे नीट बघा हो! निदान पाच वेळा पोरगा किक मारण्याच्या जागी पोचलाय. चेंडू न मिळणं आणि मिळालेला न साधणं हे दोन वेगळे आजार, औषधंही वेगळी. शिवाय जो शॉट गोलापर्यंत न पोचता पडला किंवा थेट बाहेर गेला, तो त्या आकड्यात येतच नाही. म्हणून सेट शॉट (मार्क किंवा फ्री किकनंतर थांबून मारलेला) कुठून मारला ते मैदानाचं चित्र काढून फुल्यांनी दाखवा. सीमारेषेला चिकटून मारलेला आणि समोरून २० मीटरवरून मारलेला एकाच मापाने मोजू नका. वारा कुठल्या टोकाला होता तेही लिहा.

टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला धरून अडवणं, मोजता का? चेंडू गेल्यावर जो फॉरवर्ड कमरेवर हात ठेवून उभा राहतो, त्याचा फॉर्म मी गोल असूनही वाईट समजतो.

धागाकर्ता

दोघांचे आभार. एका आईने मोबाइलवर काढलेला रविवारचा व्हिडिओ रात्री बसून पाहिला. चेंडू उंचाकडे ११ वेळा आला, त्यात ८ वेळा लोंबता. विरोधकांनी त्यातला एकच पकडला. १.४ च्या सामन्याचा व्हिडिओ नाही, पण लेकाला आठवतंय: चारपैकी तीन बिहाइंड समोरून, सगळे उजवीकडे गेलेले.

कोचला फुल्या दाखवल्या. उंच पोरगा संघात राहतोय, गुरुवारी सेट शॉटचा जादा सराव. मधल्या फळीलाही चेंडू टाकण्यावरून दोन शब्द ऐकायला मिळणार आहेत, त्यात माझा लेक आहे. घरी हे कुणी फोडलं ते विचारू नका.