अमेरिकेत पब्लिक पॉलिसीची मास्टर्स: घालायचे किती, निघणार किती?

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या कामाचं नाहीये, घरचंच आहे, पण इथे कुणीतरी यातून गेलं असेल म्हणून विचारतेय. लेकीला एमपीपी करायचंय, म्हणजे पब्लिक पॉलिसीत मास्टर्स (सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, पॉलिसी विकायला एवढं शिकावं लागतं होय?). तीन वर्षं झाली सिटीच्या ऑफिसात आहे, पगार वर्षाला ५४ हजार डॉलर. दोन ठिकाणी अ‍ॅडमिशन मिळाली. एक मोठ्या नावाची प्रायव्हेट, स्कॉलरशिप नावापुरती. दुसरी स्टेट युनिव्हर्सिटी, तिथे फी माफ आणि वर असिस्टंटशिप, म्हणजे युनिव्हर्सिटीचं काम करून मानधन. नवरा म्हणतो नाव बघ, मी म्हणते हप्ता बघ, आणि ती म्हणते तुम्ही दोघं गप्प बसा. शुक्रवारी डिपॉझिट भरायचंय.

— मागच्या वर्षीची कल्चरल सेक्रेटरी

---

ताई,

मी हीच डिग्री केलीय, तीही कर्ज काढून, त्यामुळे जरा लांबण लावतो.

पहिलं म्हणजे खर्चात फी सोडून बुडालेला पगार धरा. ५४ हजार गुणिले दोन, म्हणजे १ लाख ८ हजार, हे दोन्हीकडे सारखेच जाणार, समरमधली इंटर्नशिप पेड असली तर थोडे परत येतील. ब्रोशरमध्ये हा आकडा कधीच नसतो. नोकरी सांभाळून पार्ट टाइम जमतंय का तेही विचारा एकदा.

दुसरं कर्जाचं. १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज काढणाऱ्यांना ग्रॅड प्लस (उरलेल्या सगळ्या खर्चासाठी मिळायचं ते फेडरल कर्ज) बंद. फेडरल कर्ज असल्या मास्टर्सला वर्षाला २०,५०० डॉलर आणि एकूण १ लाखापर्यंतच, म्हणजे दोन वर्षांचे ४१ हजार. मास्टर्सच्या कर्जाचं व्याज पहिल्या दिवसापासून चढतं, शिकताना व्याज सरकार भरायचं ते सबसिडीवालं २०१२ लाच गेलं. २०२५-२६ च्या कर्जाचा ७.९४ टक्के दर धरला तर हप्ता सुरू होईपर्यंत ४१ चे साधारण साडेसत्तेचाळीस हजार होतात, आणि दहा वर्षांत फेडायचे म्हटलं तर महिन्याला ५७५ च्या आसपास भरायचे. एवढं झेपतं. पण प्रायव्हेटची दोन वर्षांची फीच सहज लाखावर जाते, मग वरचं सगळं बँकेकडून, आणि मेख तिथेच आहे.

कारण आमच्यासारखे लोक भिस्त ठेवतात पीएसएलएफवर, म्हणजे लोकसेवेतल्यांच्या कर्जमाफीवर. २००७ चा कायदा आहे, सरकारी किंवा नॉन-प्रॉफिट नोकरीत १२० हप्ते भरले की उरलेलं कर्ज माफ. पण फक्त फेडरल कर्ज, बँकेचं कुणी माफ करत नाही. आणि परतफेडीचा प्लॅनही बरोबर लागतो. मी शहाण्यासारखा, रक्कम लहान दिसते म्हणून, २५ वर्षांचा प्लॅन घेतला. १४ हप्ते भरून झाल्यावर कळलं की त्यातला एकही १२० मध्ये धरत नाहीत. बायको अजून ऐकवते.

कमाईचं म्हणाल तर कॉलेजने दिलेल्या सरासरी पगारावर जाऊ नका, कन्सल्टिंगमध्ये गेलेले चार जण ती सरासरी वर ओढतात आणि काउंटीच्या बजेट ऑफिसात गेलेला त्यात दिसतच नाही. एज्युकेशन डिपार्टमेंटचं कॉलेज स्कोअरकार्ड बघा, प्रोग्रॅमप्रमाणे मिळकत आणि कर्ज दिसतं, अर्थात फेडरल मदत घेतलेल्यांचंच, आणि छोट्या प्रोग्रॅमचा आकडा बऱ्याचदा झाकलेला असतो. फेडरल नोकरीत बॅचलर्सला जीएस-५ किंवा ७ (जीएस म्हणजे पगाराची ग्रेड) तर मास्टर्सला जीएस-९ वर घेऊ शकतात, हा फरक खरा आहे, पण मास्टर्सवाल्यांना फेडरल नोकरीत घेणारी, १९७७ पासूनची प्रेसिडेन्शियल मॅनेजमेंट फेलोशिप २०२५ मध्ये गुंडाळली, आमच्या वेळी निम्मा वर्ग तिच्यावर डोळा ठेवून होता.

माझं मत, तिला सरकारी कामातच राहायचं असेल तर स्टेट. त्या नोकरीत नावाचे पैसे वेगळे मिळत नाहीत, ग्रेड मिळते. रिग्रेशन (आकडेवारीतून संबंध काढणं) आणि कॉस्ट-बेनिफिट (खर्च-फायद्याचा हिशोब) नीट शिकवतात का तेवढं बघा, मला नोकरी त्यावर मिळाली.

— वेबसाइट सांभाळणारा

---

दोघांनाही नमस्कार. माझा भाचा एफ-१ वर, म्हणजे स्टुडंट व्हिसावर येतोय, त्याचं गणित वेगळं हं, कुणी वरचं वाचून गोंधळू नका. फेडरल कर्ज नाही, त्यामुळे माफी नाही, आणि बहुतेक फेडरल नोकऱ्या सिटिझनलाच. त्याला मी एकच सांगितलं, आय-२० वर (कॉलेज व्हिसासाठी देतं तो कागद) कुठला सीआयपी कोड, म्हणजे अभ्यासक्रमाचा सरकारी नंबर, येणार ते विचार. तीच डिग्री एका कॉलेजात स्टेममध्ये (सायन्स-टेक्नॉलॉजीच्या यादीत) बसते आणि दुसरीकडे नाही, म्हणजे ओपीटी, डिग्रीनंतर इथे काम करायची परवानगी, एकीकडे तीन वर्षं आणि दुसरीकडे एकच. युनिव्हर्सिटी किंवा नॉन-प्रॉफिट रिसर्च संस्थेत लागला तर एच-१बीच्या (नोकरीच्या व्हिसाच्या) लॉटरीतून सुटका, पण पगार बेताचा. आणि प्रिन्स्टन बघायला सांगा सगळ्यांना, एमपीएच्या (पब्लिक अफेअर्समधली मास्टर्स) सगळ्या मुलांची फी तेच भरतात, मिळणं अवघड ते सोडा.

— पार्किंगवाले काका

---

थँक्यू दोघांनाही. मेल लेकीला दाखवली. ५७५ वर काही बोलली नाही, १ लाख ८ हजारावर मात्र थांबली, आणि मग तिनेच स्टेटवाल्यांना फोन लावला. असिस्टंटशिप पहिल्या वर्षाचीच लेखी आहे, दुसऱ्या वर्षाचं "सहसा मिळते" म्हणाले. आता ते लेखी मागायचं कसं, उद्धट न वाटता? मसुदा कुणी बघून देईल का? शुक्रवार आहे हो.